लिनक्सवर कॅमेऱ्यातले फोटो: केबल लावावी की कार्ड काढावं?

कॅमेरा जोडला आणि स्क्रीनवर काहीच हललं नाही, की आपण आधी लिनक्सला शिव्या घालतो. पहिल्या वेळी माझ्याकडे दोष निघाला केबलचा. ती नुसती चार्जिंगची होती. त्यामुळे एलएसयूएसबीच्या (यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड) यादीत कॅमेऱ्याचं नावच नसेल, तर बाकी उस्तवार न करता आधी केबल बदला. नाव दिसतंय आणि तरीही फोटो येत नाहीत, तेव्हा प्रश्न पडतो: केबलच्याच मागे लागायचं, की सरळ कार्ड काढून रीडरला लावायचं? मी दोन्ही केलंय, केबल तर चांगली दोन वर्षं.

केबलच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. कार्डाचं झाकण सारखं उघडावं लागत नाही. जीफोटो2 हा कमांडने फोटो उतरवणारा प्रोग्राम जुने-नवे ढीगभर कॅमेरे ओळखतो आणि आधी उतरवलेले फोटो वगळून फक्त नवे घेण्याची सोयही त्यात आहे. शिवाय कॅमेरा स्टँडवर लावून लॅपटॉपवरून शटर दाबायचं असेल, तर रीडरचा काही उपयोगच नाही.

मला नडलं ते वेगळंच. बहुतेक कॅमेरे केबलवर पीटीपी नावाच्या फोटो देण्याघेण्याच्या पद्धतीने बोलतात, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी डिस्क म्हणून दिसत नाहीत. ज्या प्रोग्रामला फोटो हवेत त्याने कॅमेऱ्याचा ताबा घ्यायचा, आणि तोही एका वेळी एकानेच. नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर केबल खुपसली रे खुपसली की जीव्हीएफएस नावाचा पडद्यामागचा गडी सगळ्यांच्या आधी धावतो आणि कॅमेरा धरून बसतो. मग तुम्ही जीफोटो2 चालवलं की उत्तर ठरलेलं: ‘कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस’, म्हणजे कॅमेऱ्याचा ताबा मिळाला नाही. उपाय आहे, आणि अगदी सोपा. फाइल्स या नोमच्या फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत कॅमेऱ्याच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा, ताबा सुटतो. फक्त केबल काढू नका. पुन्हा लावलीत की गडी पुन्हा हजर! माझा कॅमेरा तर मधेच आपोआप झोपायचा, आणि जागा केला की पुन्हा तोच खेळ.

विसर्जनाच्या रात्री आत्याचा मेसेज आला, ‘आरतीचे फोटो पाठवलेस का रे?’ माझं इजेक्ट, कमांड, कॅमेरा झोपला, पुन्हा इजेक्ट असं तिसऱ्यांदा चाललं होतं. तेवढ्यात बॅटरीचं चिन्ह लाल होऊन लुकलुकायला लागलं. वैतागून कार्ड काढलं आणि शेजारच्या काकांकडून रीडर मागून आणला. कॅमेरा फोटो ठेवतो ते डीसीआयएम फोल्डर समोर उघडलं, सगळं निवडलं, कॉपी. वेग मी काही मोजला नाही, पण चहा गाळून होईपर्यंत फोटो उतरले होते.

रीडरचेही नखरे आहेत, नाही असं नाही. कार्डाच्या कडेची इवलीशी खटकी सरकली की कार्ड रीड-ओन्ली होतं आणि आपण उगाच परमिशन तपासत बसतो. 64 जीबीचं कार्ड सहसा एक्सफॅट या फाइल सिस्टिमचं असतं. त्याचा आधार लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आवृत्ती 5.4 पासून, म्हणजे 2019 मध्ये आला, त्यामुळे फार जुन्या सिस्टिमवर वेगळं पॅकेज घालावं लागतं. काही पुसलं वा कॉपी केलं असेल, तर इजेक्ट न करता कार्ड ओढू नका.

तुमचा कॅमेरा केबलवर गुण्यागोविंदाने नांदत असेल, तर बदलायलाच हवं असं मी म्हणणार नाही. पण नव्याने ठरवत असाल, तर मी आपला रीडरच घ्या म्हणेन.

एक धोका मात्र रीडरचाच. कार्ड लॅपटॉपमध्ये विसरून मी एका साखरपुड्याला रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवून गेलो होतो. तेव्हापासून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात एक जादा कार्ड पडून असतं.