मिनीचा कापडी टप: बेळगावात दहा महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत पुण्याहून जुनी मिनी कूपर कन्व्हर्टिबल आणली. काळ्या कापडाचा टप, मागची काच खरी काच, बटण दाबलं की अठरा सेकंदांत बाबागाडीच्या टपासारखी मागच्या सीटमागे घडी. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत लावली तेव्हा शेजारच्या काकांनी टपावर टिचकी मारून बघितली. पत्र्याचा आवाज आला नाही. "काय रे, छत्री लावलेली गाडी आणलास की! पावसात काय करणार?" आधी नंबरप्लेटवर एमएच बघून ते खूश झाले होते. आता तिथं केए-२२ आलंय, ते दुःख वेगळं.

गळण्याची धास्ती मलाही होती. पण या कापडाचे तीन थर असतात: वर ॲक्रिलिकचं विणलेलं कापड, मधे रबर, आत पॉलिस्टर. पाणी अडवतं ते मधलं रबर. वरून मारायचा वॉटरप्रूफिंग स्प्रे असतो तो वरचं कापड भिजून जड होऊ नये आणि मळ त्यात मुरू नये म्हणून. हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला 'पाऊस येतोय' या घाईत मळक्या टपावरच अर्धी बाटली मारून मोकळा झालो. मळ आत, स्प्रे वर. पैसे पाण्यात गेले म्हणायलाही जागा नाही, कारण पाणीही नीट ओघळत नव्हतं.

त्याआधी एक चूक झाली ती वॉशिंग सेंटरवर. मी फोनवर बोलत होतो आणि पोरानं प्रेशर गनचं तोंड वीतभर अंतरावर आणून शिवणीवर धरलं. तिथली चार बोटं जागा कापडाची लव उभी राहून पांढुरकी झाली. ती आजही तशीच आहे. त्याला काय बोलणार, पत्र्याच्या गाड्या धुणारा पोरगा तो. तेव्हापासून टप घरीच धुतो.

माझी खरी अडचण पाऊस नव्हतीच. आमचं काम उद्यमबागेत, शेजारी फाउंड्री. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या, ग्राइंडरमधून उडालेली लोखंडाची बारीक धूळ दिवसभर टपावर बसते. पत्र्यावरून ती पुसता येते, कापडात अडकते, आणि दव पडलं की गंजून तांबूस ठिपके येतात. ओला ब्रश मारला तर आणखी खोल जाते. शेवटी वर्कशॉपमधला एक चपटा लोहचुंबक हातरुमालात गुंडाळला आणि कोरड्या टपावरून अलगद फिरवला. उचलून बघतो तर रुमालाला करड्या मिशा फुटलेल्या! रुमाल उलटा करून चुंबक काढला की धूळ झडते. आता दर शनिवारी हेच आधी, मग मऊ ब्रशचं तोंड लावून व्हॅक्यूम, आणि पाण्याला हात त्यानंतर.

धुण्यात फार काही नाही. सावलीत, टप थंड असताना, न्यूट्रल कार शाम्पू बादलीत अगदी थोडा, मऊ केसांचा ब्रश, पुढून मागे एकाच दिशेनं. कपड्यांची पावडर नको, ती अल्कधर्मी असते, रंग फिकटतो. पहिल्या वेळी फेस चहाच्या रंगाचा निघाला, तीन बादल्यांनंतर पांढरा. खळबळणं मात्र कंटाळा न करता: साबण कापडात राहिला की धूळ परत चिकटते आणि स्प्रेही धरत नाही. नंतर वाळवणं. वरून कोरडा वाटणारा टप शिवणीत ओलाच असतो, तिथं टिश्यू दाबून बघायचा. मार्चमध्ये एक दिवस पुरला.

मग स्प्रेचा दुसरा प्रयत्न. काचा आणि रंगावर जुन्या चादरी झाकल्या, कापड एकसारखं ओलसर होईल इतका हात मारला, वाळल्यावर आडवा दुसरा हात, आणि चोवीस तास गाडी शेडमध्ये. दुसऱ्या दिवशी तांब्यानं पाणी टाकलं तर अळूच्या पानावरून पळावं तसं पळालं. जूनमध्ये जांभळं खाऊन पक्ष्यांनी टपावर जांभळी रांगोळी घातली, तीही ओलं फडकं दहा मिनिटं ठेवल्यावर न घासता सुटली. ऑक्टोबरपर्यंत थेंब उभे राहत होते. आता पुढच्या काचेलगतचा भाग भिजून गडद दिसायला लागलाय.

पावसाळ्यात आत थेंब आला नाही, पण कुबट वास आला, आणि तो माझ्या कर्मानं. सप्टेंबरमध्ये चोर्ला घाटाकडे निघालो. जांबोटीपर्यंत रिपरिप, कणकुंबीच्या अलीकडे ऊन पडलं. राहवलं नाही, ओलाच टप उघडला. येताना अंधार झाला, तसाच घडी करून शेडमध्ये लावला. दोन दिवसांनी उघडतो तर घडीवर करडे ठिपके. ब्लीच मारणार होतो, पण त्यानं शिवणीचा दोरा खचतो. पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मंनिम्म करून आधी कोपऱ्यात तपासलं, मग ब्रशनं लावलं, धुतलं, उन्हात उघडून वाळवलं. वास गेला. आतल्या अस्तरावर दोन ठिपके आहेत, माहीत असेल तरच दिसतात.

घडी बसते त्या खाचेतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांत पानांचा चोथा बसतो. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळू सरकवून मोकळ्या करतो. कंप्रेसरची हवा हाताशी आहे, तरी मारत नाही, आत नळी सुटली तर पाणी सरळ गालिच्याखाली. काकूंनी सुचवलेली ताडपत्री आठवडाभर वापरून काढून टाकली. खाली घाम सुटल्यासारखं ओलं व्हायचं.

आता स्प्रेचा पुढचा हात समोरच्या आंब्याला मोहर यायच्या आत मारायचाय, मोहरावर तुडतुडे आले की खाली चिकटा गळतो. गाडी आंब्याखालीच लागते. गल्लीतली दुसरी जागा काकांच्या ओमनीची आहे.