रस्ट कन्व्हर्टर आणि बाबांची पद्मिनी: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

ठाण्यात कोलशेतला, खाडीपासून जवळच आमची इमारत आहे. तिच्या उघड्या पार्किंगमध्ये बाबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. नव्याने उभी करायची म्हणून इंजिन उतरवले, सीट काढल्या आणि पैशांअभावी काम तिथेच थांबले. गेल्या ऑक्टोबरात ताडपत्री काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरलेले दिसले. पाऊस अडवण्यासाठी घातलेल्या त्या आच्छादनानेच आतली दमट हवा कोंडून ठेवली होती.

त्यामुळे धरलेल्या गंजावर टॅनिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (गंजाचे रूपांतर करणारे द्रावण) मी तेव्हापासून वापरत आहे. त्यातील आम्ल लाल गंजाशी संयोग पावून निळसर काळे लोहाचे टॅनेट तयार करते आणि सोबतचे पॉलिमर त्यावर पातळ थर धरते. डिकीचा तळ आणि पुढच्या मडगार्डांची आतली बाजू येथे गंज पातळ व पत्र्याला घट्ट धरलेला होता. तिथे दोन पातळ हात देऊन, दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर एपॉक्सी प्रायमर मारला आणि संपूर्ण पावसाळ्यात त्या जागी एकही डाग उमटला नाही. चकचकीत कोऱ्या पत्र्यावर मात्र हे द्रावण लावू नये, कारण संयोग पावायला तिथे गंजच नसतो. तिथे थेट प्रायमर मारावा.

चालकाच्या पायाखालच्या फ्लोअरवर माझी चूक झाली. तिथे गंजाच्या जाड खपल्या होत्या आणि त्या हाताच्या तारब्रशने वरवर घासून मी द्रावण लावले. पृष्ठभाग छान काळा झाला, पण जुलैत त्याला फुगे आले आणि बोट लावताच काळा थर खपलीसकट हातात आला. द्रावण वरच्या थरापुरतेच पोहोचते. खाली जिवंत गंज आणि खळग्यांत अडकलेले क्षार तसेच राहिले, की दमट हवेत गंज पुन्हा वाढतो, आणि मूळ लोखंडापेक्षा त्याला जास्त जागा लागत असल्यामुळे वरचा रंग उचलला जातो. पाऊस संपल्यावर तोच भाग ग्राइंडरच्या तारेच्या कपने घट्ट पत्र्यापर्यंत खरवडला, गरम पाण्याने दोनदा धुतला, हीटगनने पूर्ण वाळवला आणि मगच द्रावण लावले. या दुसऱ्या खेपेचा निकाल मात्र पुढच्या पावसाळ्यातच कळेल.

डाव्या दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे उंबरठ्यासारख्या पोकळ पत्र्यात, पेचकस टोचला तर तो सरळ आत गेला. तिथे पूर्वी एका गॅरेजमध्ये भोकांवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता. लांबी पाणी शोषते, त्यामुळे तिच्या मागचा पत्रा वर्षानुवर्षे ओला राहिला असावा. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीचा भार या सिलवरही येतो, म्हणून अशा जागी कोणतेही रसायन उपयोगाचे नाही. सडलेला पत्रा कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडून घेतला. कापताना खाली भक्कम टेकू होते आणि दार जागेवर ठेवून त्याची फट सतत तपासली, कारण बॉडी थोडी जरी खाली बसली तरी दार पुन्हा नीट लागत नाही.

बिजागऱ्या आणि ब्रॅकेट यांसारख्या सुट्या भागांसाठी मला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातील विद्युत अपघटन, म्हणजे भाग पाण्यात बुडवून वीज सोडून गंज काढणे, अधिक आवडले. चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार साध्या लोखंडी पट्टीला जोडतात. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरू शकते. हायड्रोजन वायू सुटत असल्यामुळे हे काम मी गच्चीवरच करतो.

आता उरली आहे ती बंद पोकळ्यांची बाजू. ब्रश पोहोचत नाही अशा सिलच्या आत लांब नळीने मेण फवारले आहे. त्याआधी दारांच्या व सिलच्या तळाची पाणी वाहून जाण्याची भोके तारेने मोकळी केली, नाहीतर पाणी आतच साचले असते. मागच्या उजव्या चाकावरचा पत्रा अजून उघडलेला नाही. तिथेही लांबीचा जाड थर लागतो आहे, म्हणून द्रावणाचा पुढचा डबा घेण्याआधी पेचकसच हातात घेणार आहे.