साध्या फोनसाठी जावा अ‍ॅप, लिनक्सवरून: काही महिन्यांच्या वापरानंतर

मावशी बटणांचा फोन सोडायला तयार नाही आणि सोसायटीतल्या भिशीचा हिशेब तिच्याकडे. म्हणून तिच्या सिरीज ४० नोकियासाठी (नोकियाच्या साध्या बटणफोनांची प्रणाली) छोटं जावा अ‍ॅप केलं, सगळं उबुंटू लिनक्सच्या टर्मिनलमधून. काही महिने ते नियमित वापरात आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आयडीईच्या (कोड लिहायच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका. जेडीके ८ (जावाचा कंपाइलर असलेला संच), वायरलेस टूलकिट २.५.२ मधल्या एमआयडीपी २.० आणि सीएलडीसी १.१ च्या (फोनवरच्या जावाच्या) लायब्रऱ्या, कोड आटोपशीर करणारं प्रोगार्ड आणि एक शेल स्क्रिप्ट, एवढ्यावर भागतं. जेडीके ८ च का? कंपाइलरला सोर्स-टार्गेट १.३, म्हणजे जावाची जुनी आवृत्ती, सांगावं लागतं आणि ९ पासून ती सोय गेली. ८ कुरकुर करतो, पण काम करतो.

खरी मेख प्रीव्हेरिफाय म्हणजे पूर्वतपासणीमध्ये. फोनची ताकद तुटपुंजी, म्हणून क्लास फाइल तपासायचं बरंचसं काम आधीच संगणकावर उरकून त्याच्या खुणा फाइलमध्ये ठेवायच्या, अशी ही रचना. टूलकिटमधलं प्रीव्हेरिफाय ३२ बिटी आहे, त्यामुळे ६४ बिटी लिनक्सवर आधी ३२ बिटी लायब्रऱ्या बसवा, मग पुढचं. प्रोगार्डला मायक्रोएडिशनचा पर्याय दिला की तो हेच काम करतो, वर जारही (अ‍ॅपची गठ्ठा फाइल) बारीक करून देतो.

फोनमध्ये टाकायला गामू, म्हणजे संगणकावरून फोन हाताळायचं सॉफ्टवेअर. त्याची 'नोकियाअ‍ॅडफाइल' ही आज्ञा जार आणि तिची माहिती देणारी जॅड फाइल ही जोडी थेट अ‍ॅप्लिकेशनच्या मेनूत बसवते. फाइलचं नाव शेपटाशिवाय (.jar, .jad न लावता) द्यायचं. जॅडमधला जारचा आकार मात्र बाइटपर्यंत जुळायला हवा, म्हणून तो हाताने लिहूच नका. माझी स्क्रिप्ट दर बिल्डला फाइलचा आकार सांगणाऱ्या 'स्टॅट' आज्ञेकडून आकडा घेऊन जॅड नव्याने लिहिते.

हिशेब आधी मेमरी कार्डावरच्या फाइलमध्ये ठेवला होता. डिजिटल सही नसलेल्या अ‍ॅपने फाइलला हात लावला की फोन परवानगी मागतो. मावशी वैतागली, "अरे, हा सारखं काय विचारतोय? हो म्हणू का नाही?" डेटा रेकॉर्ड स्टोअरमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या स्वतःच्या साठवणीत, हलवला, प्रश्न थांबले. तोटा एवढाच की अ‍ॅप काढलं की हिशेबही जातो. त्यावर उपाय म्हणून महिन्याची बेरीज एसएमएसने पाठवायची सोय केली. त्यालाही परवानगी लागतेच, पण महिन्यातून एकदा 'हो' म्हणायला तिची ना नाही.

एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) मांडणी बघायला ठीक, वेग आणि अक्षरं यांबाबत त्याच्यावर विसंबू नका. तिथला फॉन्ट संगणकाचा असतो. जोडाक्षरं पहिल्याच बिल्डमध्ये खऱ्या फोनवर बघून घ्या, आणि कंपाइल करताना यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग सांगा.

चाचणीसाठी वेगळा फोन हवाच, मावशीचा किती वेळा मागणार! पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे फोन दिसतात. विकणारा 'चालू आहे' म्हणणारच, तुम्ही तिथेच बॅटरी घालून ब्लूटूथ आणि जावाचा मेनू तपासा. नव्या स्वस्त बटणफोनांवर जाऊ नका. दिसायला तसेच, पण त्यातल्या अनेकांत जावा नसतंच.