16-बिट डीएसपी बोर्ड: आठ महिने वापरल्यावर

डीएसपी म्हणजे आवाजासारख्या सिग्नलवर झटपट गणित करणारा प्रोसेसर. त्याचा हा बोर्ड घेतला एकाच कामासाठी. मायक्रोफोनमधला आवाज आत घ्यायचा, सेकंदाला 32 किलोबिटांत दाबायचा आणि पुन्हा उलगडून हेडफोनला द्यायचा. फिक्स्ड-पॉइंट (फक्त पूर्णांकी गणित करणारा) प्रोसेसर, 100 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 10 कोटी सायकल (घड्याळाचे ठोके). खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘एका सायकलमध्ये गुणाकार-बेरीज’. खोटं नाही ते. पण मला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही.

टेलिफोनच्या आवाजाचे सेकंदाला 8000 सँपल (आवाजाची मोजमापं), म्हणजे एका सँपलमागे 125 मायक्रोसेकंद, इथे 12,500 सायकल. आवाज दाबायला मी वापरलं ते जी.726, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेचं स्टँडर्ड. त्यात प्रत्येक सँपलचा आधी अंदाज बांधतात आणि अंदाज चुकला तेवढा फरक 4 बिटांत पाठवतात. अंदाजाला आठ गुणाकार लागतात: सहा झीरोचे (मागच्या फरकांवरचे), दोन पोलचे (मागच्या उलगडलेल्या सँपलवरचे). मी खुशीत होते, आठ-दहा सायकलमध्ये उरकेल म्हणून. पण स्टँडर्डमध्ये ते गुणाकार सरळ नाहीतच. आकडा आधी 4 बिट एक्स्पोनंट (घातांक), 6 बिट मँटिसा (मुख्य अंक) अशा छोट्या फ्लोटिंग रूपात आणायचा, मगच गुणायचा. ही पायरी गाळली तर आवाज कानाला ठीक लागतो, पण आउटपुट स्टँडर्डशी बिटला बिट जुळत नाही. शेवटी तारलं ते दुसऱ्याच इन्स्ट्रक्शनने: आकड्याच्या सुरुवातीचे किती बिट रिकामे आहेत ते एका सायकलमध्ये मोजणारं. खोक्यावर त्याचं नावही नाही. सी भाषेत लिहिल्यावर सँपलमागे 4,100 सायकल खाणारा एन्कोडर (आवाज दाबणारा भाग) त्याच्या जोरावर, हाताने असेंब्ली (प्रोसेसरची थेट भाषा) लिहून, 900 च्या आसपास आणला.

आता बोर्डासोबत मिळालेली, जी.726 चा ‘तयार’ कोड असलेली लायब्ररी. तिच्यातून माझा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा छान वाटला. मग थोडं थांबून ‘कमळ’ म्हटलं, तर हेडफोनमध्ये आलं ‘अमळ’. ‘पाणी’चं ‘आणी’. सलग बोललं की सगळं ठीक, शांततेनंतरचं पहिलं व्यंजन तेवढं गायब. दोन रात्री मी मायक्रोफोनला दोष दिला. (बिचारा.)

दोष स्टेपच्या मापाचा निघाला. फरक मोजून बिटांत बसवतो तो क्वांटायझर, आणि त्याच्या मोजपट्टीची एक खूण म्हणजे स्टेप. शांततेत ही स्टेप बारीक होते. शब्द सुरू झाला की ती झटकन मोठी व्हायला हवी. जी.726 मध्ये त्यासाठी एक जलद आणि एक संथ अशी दोन मापं असतात आणि समोर बोलणं आहे की मोडेमचा सूर, ते पाहून दोन्हींचं मिश्रण बदलत राहतं. लायब्ररीत ते मिश्रण कायमचं संथ मापावर अडकवून ठेवलं होतं. आयटीयूच्या टेस्ट व्हेक्टरवर (इनपुट आणि त्याचं अचूक उत्तर दिलेल्या चाचणी-फायलींवर) लायब्ररी एकदा चालवली असती तर लगेच कळलं असतं. सपोर्टला सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, ‘आमच्याकडे ऐकायला चांगलं वाटतं.’ मॅन्युअलबद्दल एवढंच सांगते: सर्क्युलर बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी साठवणीची जागा) मेमरीत ठरावीक सीमेवरच सुरू व्हावा लागतो, ही गोष्ट तळटीपेत आहे. माझा एक पूर्ण रविवार त्या तळटीपेला गेला.

बाकी हार्डवेअरला नाव ठेवायला जागा नाही. कोडेक (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप) शांत आहे, डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) मध्येच हात सोडत नाही, आणि ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे कोड हव्या त्या जागी थांबवून, एकेक सँपल टेस्ट व्हेक्टरशी ताडून पाहता येतं. माझा स्वतःचा कोड आता जी.726 च्या चारही दरांवर (40, 32, 24 आणि 16 किलोबिट) बिटला बिट जुळतो. 40 आणि 32 मधला फरक मला डोळे मिटूनही सांगता येत नाही. 24 ला ‘स’ आणि ‘श’ खरखरतात. त्यांचा अंदाज बांधणं मुळातच अवघड, स्वरांसारखी त्यांना लय नसते. 16 ला तर फरक सांगायला 2 बिटच उरतात, सगळ्या बोलण्यावर वाळू सांडल्यासारखी वाटते.

पाचपैकी चार. लायब्ररी वापरणार असाल तर दोन, आणि मग आधी ‘कमळ’ म्हणून बघा.