महिन्याला ३० डॉलर: बेसबॉल कार्डांचं नवं पाकीट, जुना डबा की सुटं कार्ड?

अमेरिकेत बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंच्या चित्रांची छापील कार्डं, जमवायला निघालेला माणूस बहुतेक वेळा वॉलमार्ट किंवा टार्गेटमधून नवं पाकीट उचलतो. महिन्याला ३० डॉलरच बाजूला पडत असतील, तर सगळ्यांत महाग वाट हीच. टॉप्स कंपनीचा छोटा ‘ब्लास्टर’ डबा साधारण २५ डॉलरला पडतो आणि त्यातली बहुतेक कार्डं ‘कॉमन’, म्हणजे सुटी घेतली तर काही सेंटांची असतात. बाकीचे पैसे जातात सहीचं कार्ड निघेल या आशेपायी (सहीचं, म्हणजे खेळाडूची स्वाक्षरी असलेलं).

मोठा डबा घेतला तरी संच पुरा होत नाही. २०२३ च्या टॉप्स पहिल्या मालिकेत ३३० कार्डं होती. हॉबी डब्यात (कार्डांच्या दुकानांत मिळणारा मोठा डबा) २४ पाकिटं, प्रत्येकात १४ कार्डं, म्हणजे एकूण ३३६. हिशेब जुळतोय असं वाटतं, पण त्यातल्या बऱ्याच जागा विशेष कार्डं आणि रंगीत चौकटीच्या आवृत्त्या अडवतात. चालू वर्षाचा संच हवाच असेल, तर दोन्ही मालिका एकत्र करून टॉप्स जो जुळवलेला पूर्ण संच विकतं, तो घ्यावा. पॅनिनी या दुसऱ्या कंपनीची कार्डं स्वस्त दिसली तर चित्र नीट बघा: मेजर लीगचा (अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) परवाना नसल्याने टोपीवर संघाचं चिन्ह नसतं, आणि भावही त्यामुळेच पडतो.

पाकीट फोडण्यातच खरा आनंद असेल, तर १९८७ ते १९९२ चे डबे बघा. त्या काळात कंपन्यांनी इतकी छपाई केली की आजही न फोडलेले डबे सहज मिळतात. डॉनरस कंपनीचा १९८८ चा किंवा फ्लीअर कंपनीचा १९९० चा डबा बहुधा एका ब्लास्टरच्या पैशांत किंवा त्याहून कमी भावात येतो: ३६ पाकिटं, ५४० कार्डं. संच मात्र ६६० चा, त्यामुळे एका डब्यात तो होणार नाही. दुसरा डबा घेतला तर दुबार कार्डांचा ढीगच लागतो. राहिलेली कार्डं सुटीच घ्यावीत.

या डब्यांत काय बिघडतं, तेही ठाऊक असू द्या. टॉप्सच्या मेणकागदी पाकिटात च्युइंगगम असे. तो ज्या कार्डाला टेकतो त्यावर डाग पडतो. मेणकागद नुसत्या उष्णतेने पुन्हा चिकटवता येतो, म्हणून सुटं जुनं पाकीट अनोळखी माणसाकडून घेऊ नये. १९९१ च्या स्टेडियम क्लबसारखी गुळगुळीत लेपाची कार्डं दमट हवेत एकमेकांना चिकटून वीट होतात, आणि ओढून सोडवली की लेप उचकटतो.

आमचा कौल मात्र सुट्या कार्डांना. नामांकित बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं पहिल्या वर्षाचं कार्ड घ्या. सगळे अपर डेक कंपनीच्या १ क्रमांकाच्या कार्डामागे धावतात, म्हणून ते महाग. त्याच वर्षीचं डॉनरसचं ३३ क्रमांकाचं कार्डही रूकी (पहिल्या वर्षाचं) कार्डच, आणि ग्रेडिंग न केलेलं, म्हणजे फी देऊन दर्जा ठरवून न घेतलेलं ते थोड्याच डॉलरांत मिळतं. खेळाडू तोच, वर्ष तेच.

त्याहून समाधान झिजलेल्या जुन्या कार्डांत आहे. १९७१ च्या टॉप्सची चौकट काळी, १९७५ ची रंगीत. कडेचा कण उडाला तरी पांढरा कागद डोळ्यांत भरतो. त्यामुळे निर्दोष प्रत महाग आणि घडी पडलेली फार स्वस्त. १९७४ च्या संचातलं पहिलंच कार्ड हँक एरनचं, त्यावर होम रनचा नवा राजा म्हणून मुकुट चढवलेला. छापलं तेव्हा तो ७१३ होम रनवर होता, विक्रम अजून मोडायचा होता! कोपरे गोल झालेली प्रत ३० डॉलरांत सहज बसते. १९५२ चं टॉप्स कार्ड कुणी स्वस्तात देऊ केलं तर आधी मोजपट्टी लावा: मूळ कार्ड २⅝ बाय ३¾ इंच, १९८३ चं पुनर्मुद्रण २½ बाय ३½.

सुट्यांच्या खरेदीत खिसा कापतं ते टपाल. वीस विक्रेत्यांकडून एकेक कार्ड घेण्यापेक्षा एकाकडून वीस घ्या. सीओएमसी या कार्डविक्रीच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या विक्रेत्यांची कार्डं एकाच कोठारात असतात, ती साठवून एकदाच मागवता येतात. पुण्या-मुंबईत बसून जमवणाऱ्याने तर ती अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावरच गोळा करावीत आणि सुट्टीला येणाऱ्या सामानातून आणावीत. शंभर कार्डं म्हणजे जेमतेम दोन बोटं जाडीचा गठ्ठा.

ग्रेडिंगच्या वाटेला या बजेटमध्ये जाऊ नका. पाच डॉलरच्या कार्डावर त्याच्या कित्येक पट फी भरण्यात अर्थ नाही. प्रत्येक चांगल्या कार्डाला आधी मऊ पेनी स्लीव्ह (प्लास्टिकची पातळ पिशवी), मग ३५ पॉइंटचा टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं आवरण; पॉइंट हे जाडीचं माप). तोंडावर रंगकामाची निळी टेप, कारण साध्या सेलोटेपचा चिकटा मागे राहतो. बाकीची नऊ कप्प्यांच्या पानांत ठेवा. पानं पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. त्यातलं रसायन काही वर्षांनी कार्डावर उतरतं.