जॉनीज गॉर्जचे बाराकुडा आणि ते नीट पाहायला शिकवणारे डाइव्ह सेंटर

अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजेच पूर्वीच्या हॅवलॉकवर, विजयनगर किनाऱ्याजवळच्या एका डाइव्ह सेंटरबरोबर आम्ही पतिपत्नींनी जॉनीज गॉर्ज या समुद्रातील जागी स्कूबा डाइव्ह केला. ही जागा सुमारे ३० मीटर खोल आहे आणि ओपन वॉटर या प्राथमिक डायव्हिंग प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटरच असते. त्यामुळे आमची अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्रे व लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाइव्हची नोंदवही, तपासल्यावरच त्यांनी नावे नोंदवली, हे मला फार आवडले.

बोटीवर मार्गदर्शकाने सर्वांना अंगठ्या आणि साखळ्या काढून ठेवायला सांगितल्या, कारण बाराकुडा हा लांबट शिकारी मासा मुख्यतः नजरेच्या बळावर शिकार करतो आणि चमकणारी वस्तू त्याला लहान रुपेरी मासा वाटू शकते. पत्नीने मंगळसूत्रही काढून डबीत ठेवले. मोठा बाराकुडा सतत जबडा उघडतो आणि मिटतो, ती धमकी नसून कल्ल्यांवरून पाणी खेळते ठेवण्याची त्याची रीत आहे, हेही त्याने आधीच समजावले. त्यामुळे खाली उतरल्यावर तसा एक एकटा मासा आमच्याकडे रोखून पाहत राहिला, तेव्हा घाबरण्याऐवजी आम्ही त्याला डोळे भरून पाहू शकलो.

पुढे खडकाच्या टोकाला शेवरॉन बाराकुडांचा थवा प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ स्थिर उभा होता. हे मासे दिवसा असे एकत्र राहतात आणि रात्री शिकारीसाठी पांगतात. मार्गदर्शकाने हाताच्या खुणेने आम्हाला थांबवले, कोणालाही पाठलाग करू दिला नाही, आणि आमचे श्वास संथ झाल्यावर, आधी दूर सरकलेला तो थवा आपणहून वळून इतका जवळ आला की कुशीवरचे कोनाकृती पट्टे स्पष्ट दिसू लागले. त्या काही मिनिटांसाठी मी पुन्हा तेवढेच पैसे आनंदाने मोजेन.

एक उणीव मात्र गंभीर आहे. खोली आणि तिथे सुरक्षित थांबण्याचा उरलेला वेळ दाखवणारा भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर जोडीमागे एकच मिळाला. साध्या हवेवर ३० मीटरवर सुरक्षितपणे थांबायला जेमतेम २० मिनिटे मिळत असताना आणि दोघांची खोली कधीच अगदी सारखी राहत नसताना, प्रत्येकाच्या मनगटावर स्वतंत्र कॉम्प्युटर असायलाच हवा. जाणाऱ्यांनी तो नोंदणीच्या वेळीच मागून घ्यावा, आणि नायट्रॉक्सचे, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचे, प्रशिक्षण झालेले असल्यास तोच सिलिंडर सांगावा. थव्याजवळ थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो.