दारव्ह्याचा पॅनलवाला: जुडेल तेच घेतो

दारव्ह्यात शकुंतला रेल्वेच्या रुळांपासून थोडं आत, वेल्डिंगवाल्याला लागून टिनाची एक टपरी आहे. पाटी नाही. बाहेर फुटक्या वायझरचा अन् साइड पॅनलचा ढीग दिसला की तीच समजा. गाडीचं तडकलेलं प्लास्टिक जोडणं एवढंच काम इथं होतं, आणि त्याला लागणारा मसाला हा माणूस स्वतः बनवतो.

माझ्या गाडीचं डावं पॅनल फवारणीच्या पंपापायी गेलं. पंप मागे बांधला की दोरी पॅनलवरूनच आवळली जाते. वर लांब तडा, आणि आतून रबरात बसणारी खुंटी मोडलेली. फेविक्विक अशा जागी टिकत नाही; सुकल्यावर ते ठिसूळ होतं, गाडी खड्ड्यात आदळली की सुटतं. एमसील नुसतं वरून बसतं, आत मुरत नाही.

याची रीत वेगळी. भंगारातलं एबीएस (पॅनलचं असतं ते टणक प्लास्टिक) पकडीनं बारीक तोडून काचेच्या बाटलीत टाकायचं, वर बुडेपर्यंत ॲसिटोन, म्हणजे हे प्लास्टिक विरघळवणारं पातळ रसायन. रात्रभरात त्याचं पातळ पिठलं होतं. तड्यात भरलं की ॲसिटोन पॅनलच्या काठालाही थोडं विरघळवतं, मग उडून जातं आणि मागे उरतं ते निव्वळ प्लास्टिक. दोन्ही काठ एकजीव होतात. काळ्या पॅनलला काळेच तुकडे वापरतो, म्हणून आतून जोड पटकन दिसतही नाही.

काम निवांत बसून पाहण्यासारखं आहे. तडा जिथं संपतो तिथं आधी बारीक छिद्र पाडतो, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मागच्या बाजूनं तड्याची खाच रुंद करतो, पुढून टेप लावतो, मग थर देतो, मध्ये लोखंडी जाळीची पट्टी दाबतो. एकदम जाड थर दिला तर आत बुडबुडे राहतात, म्हणून थांबत थांबत. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकतो. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं, आणि एप्रिलमधल्या दुपारी टिनाखाली ते ब्रशवरच सुकायला लागतं. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं जोड पांढुरका पडतो, त्याला इलाज नाही.

मला हा माणूस पटला तो दुसऱ्याच कामापायी. चाकाजवळचं आतलं काळं मडगार्डही फाटलं होतं, तेही पुढे केलं. त्यानं उलटं करून मागचा छाप पाहिला, कोपऱ्याला ॲसिटोनचा थेंब लावून बोट घासलं. एबीएस असतं तर चिकट लागलं असतं, हे कोरडंच.

"भाऊ, हे पीपी आहे, वेगळ्या जातीचं प्लास्टिक. याले मसाला धरतच नाही. तुमचे पैसे काहून घेऊ?"

माझ्यासमोरच एक जण तडकलेलं हेल्मेट घेऊन आला, त्यालाही परत पाठवलं. ॲसिटोननं हेल्मेटचं कवच कमजोर होतं, वरून धड दिसलं तरी डोकं वाचवायच्या कामाचं राहत नाही. दोन पैसे सोडून गिऱ्हाईक परत पाठवणारा मेकॅनिक आपल्याकडे किती सापडतो, तुम्हीच सांगा.

आता खोट. शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात अन् इथं ॲसिटोनची बाटली उघडी! त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबूनही पेट घेते. बिडी पेटवणाऱ्याला तो दम देतो, पण वेल्डिंगवाल्याला काय सांगणार? टपरी हलवली पाहिजे, हे मी त्याला तोंडावर बोललो. नुसता हसला.

रंगकामही करत नाही. पॉलिश पेपर मारून देतो, पण तड्याची रेघ पुढून दिसतेच; गाडी विकायला काढायची असेल तर पेंटरकडे वेगळं जावं लागेल. "उद्या ये" म्हणाला तर परवा जा.

मला दीडशे रुपये लागले, कंपनीचं नवीन पॅनल त्याच्या कितीतरी पट महाग पडलं असतं. सोयाबीनच्या सगळ्या फवारण्या त्याच पॅनलवरून दोरी आवळून झाल्या, खुंटी जागची हलली नाही. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. जाताना पॅनल घरीच काढून, धुऊन न्या. चिखलाचं दिलं तर आधी हापशीवर पाठवतो. आणि तुटलेला तुकडा फेकू नका, तो त्याला मसाल्याला लागतो.